दिव्यांचा कमरपट्टा

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. मखर अजून माळ्यावर चढलं नव्हतं, आणि माझी भाची माझ्यासमोर मंगळ बाजारातून आणलेली पिशवी रिकामी करत होती. आतून निघाला एक कमरपट्टा. गुजरातीत कंदोरो म्हणतात तो. लाल कापड, आभले, घुंगरू, आणि मागे एक छोटं बटण. बटण दाबलं की पाच-सहा दिवे लुकलुकायला लागायचे.

"मामा, हा खोटा आहे," ती म्हणाली.

"खोटा म्हणजे?"

"हा आपला आपलाच चमकतो. ढोल वाजतोय की नाही, त्याला काही पडलेलीच नाही. मला ढोल ऐकणारा पट्टा पाहिजे. तू इंजिनिअर आहेस ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी भाची अकरा वर्षांची आहे आणि तिसऱ्या वर्षापासून तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. समोरासमोर बसून, शांत खोलीत ती आपल्याशी इतकं छान बोलते की नवीन माणसाला कळतही नाही. गर्दीत, गोंगाटात मात्र अडचण होते. कानाचं मशीन मुळात माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. हळू आवाज वाढवायचा, फार मोठा आवाज दाबायचा, शिट्टी वाजू लागली तर ती मारायची, ही त्याची कामं. गरब्याच्या मैदानावर मोठ्या स्पीकरसमोर ही सगळी हुशारी एकमेकांत गुंतते आणि कानात उरतो तो नुसता गदारोळ. शिवाय घामाचं आणि मशीनचं हाडवैर. त्यामुळे गरब्याला ती मशीन काढून डबीत ठेवते आणि डबी आजीच्या पर्समध्ये.

मशीनशिवाय तिला स्पीकरजवळ ढोलाची घूम पायांतून, छातीतून जाणवते. पण फेर फिरत फिरत लांब गेला की तीही विरते. मग ती पुढच्या मुलीचे पाय बघून नाचते. मागच्या नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात मधेच चाल बदलली, बे ताळीचं त्रण ताळी झालं, सगळ्या वळल्या आणि ही वळली नाही. मागून येणाऱ्या मुलीवर जोरात आदळली. कोणीतरी बाई चिडून म्हणाल्या, "संभळातुं नथी?" त्या बाईंना काहीच माहीत नव्हतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ती उरलेल्या रात्री आजीशेजारी खुर्चीवर बसून राहिली.

म्हणून तिने यंदा स्वतःहून पट्टा मागितला तेव्हा ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

आता माझी लायकी सांगतो. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई., पण गेली बारा वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. सोल्डरिंगचं यंत्र शेवटचं हातात धरलं ते फायनल इयरच्या प्रोजेक्टला, आणि तेव्हाही खरं काम माझ्या पार्टनरने केलं होतं. पण 'आवाजावर नाचणारे दिवे' ही कल्पना मला लहानपणापासून ओळखीची. बाबांच्या कॅसेट डेकवर हिरव्या-लाल दिव्यांची एक पट्टी होती. गाणं चढलं की दिवे लालपर्यंत जायचे. मी आवाज बंद करून नुसती ती पट्टी बघत बसायचो. आवाज बंद केला तरी दिवे नाचतात, हे मला तेव्हा मोठं गूढ वाटायचं. (उत्तर सोपं आहे: दिव्यांचा फाटा आवाजाच्या बटणाच्या आधीच फुटलेला होता.)

ती पट्टी एकच प्रश्न विचारायची: आवाज किती मोठा आहे? मला पुढचा प्रश्न विचारायचा होता: आवाज कोणाचा आहे? गरब्यात ढोल असतो, मंजिरा असतो, कीबोर्ड असतो, गाणारी असते, आणि हजार माणसांच्या टाळ्या. यातून ढोल वेगळा काढायचा म्हणजे लीलो चिवड्याच्या पुडीतून फक्त डाळ वेचून काढण्यासारखं. सुदैवाने गणितात याची एक सुंदर युक्ती आहे. कोणताही आवाज म्हणजे जाड-बारीक कंपनांची भेसळ, आणि ती भेसळ पुन्हा वेगवेगळ्या वाट्यांत काढता येते. हे काम झपाट्याने करण्याची पद्धत कूली आणि ट्युकी या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. तशीच रीत गाऊसने दीडशेहून जास्त वर्षं आधी कागदावर मांडून ठेवली होती, हे नंतर लोकांच्या लक्षात आलं. आज तीच आकडेमोड चारशे रुपयांची ईएसपी३२ नावाची चिप सेकंदाला चाळीसेक वेळा आरामात करते.

माझा हिशोब असा होता. माइककडून सेकंदाला २२,०५० नमुने घ्यायचे, ५१२ नमुन्यांचा एक घास करायचा. म्हणजे एक घास सुमारे २३ मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक वाटी ४३ हर्ट्झची. ढोलाची घुमणारी बाजू पहिल्या चार वाट्यांत सापडते. त्या चार वाट्यांतला जोर गेल्या एका सेकंदाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त झाला, की समजायचं थाप पडली. सरासरीशी तुलना का? कारण शांत घरात कुकरची शिट्टी दचकवते आणि मांडवीच्या गर्दीत तीच शिट्टी ऐकूही येत नाही. 'मोठा आवाज' असा स्वतंत्र काही नसतोच, आजूबाजूच्या मानाने मोठा असतो.

दिव्यांसाठी डब्ल्यूएस२८१२बी जातीची पट्टी घेतली. ५ मिलिमीटरच्या चौकोनात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे आणि त्यांना सांभाळणारी एक चिप. गंमत म्हणजे छत्तीस दिव्यांना निरोप पाठवायला एकच तार पुरते. पहिला दिवा आपल्या वाट्याचा निरोप काढून घेतो आणि बाकीचा पुढे सरकवतो. पंगतीत लाडवाचं ताट फिरतं तसं.

पहिला पट्टा आठ दिवसांत तयार झाला आणि मोबाइलवर गरबा लावून बघितलं तर ढिम्म. एकही दिवा पेटेना. दोन तास प्रोग्राममध्ये चूक शोधली. चूक मोबाइलची होती. त्याच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ढोलाची घूम बाहेर पडतच नाही. आपण ऐकतो तेव्हा मेंदू ती मनाने भरून काढतो. माझ्या पट्ट्याला मन नव्हतं. बाबांचा जुना होम थिएटर माळ्यावरून काढला, धूळ झटकली, आणि पहिल्या थापेला पट्टा केशरी पेटला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. ते मला पुरलं.

मग सोसायटीत सरावाच्या रात्री तोच पट्टा घेऊन स्पीकरपुढे उभा राहिलो, तर तिथे उलटा प्रकार. सगळे दिवे सारखे पेटलेलेच. मी जो माइक घेतला होता तो आवाज वाढला की स्वतःच दाबायचा आणि कमी झाला की स्वतःच वाढवायचा. भाषण रेकॉर्ड करायला ही सोय उत्तम. पण थापेचा अर्थच मुळी चढ-उतारात असतो आणि हा शहाणा नेमका चढ-उतारच इस्त्री करून सपाट करत होता. कानाच्या मशीनची तीच अडचण माझ्या माइकला झाली होती. हे लक्षात आल्यावर मी थोडा वेळ तिथेच कठड्यावर बसलो. ताई वर्षानुवर्षं जे समजावत होती ते मला आलेखावर दिसलं तेव्हा कळलं. त्यानंतर आयएनएमपी४४१ हा साधा डिजिटल माइक मागवला. तो काही शहाणपणा करत नाही, ऐकतो तसं सांगतो.

दुसरी भानगड उशिराची. मला दिवे कसे 'लाटेसारखे' मऊ हलायला हवे होते, म्हणून मी प्रोग्राममध्ये बरीच गुळगुळीत आकडेमोड घातली होती. दिसायला सुंदर. पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं, वाटीवर चमचा मारतानाचं चित्रीकरण केलं आणि मोजलं: चमचा वाटीला लागल्यापासून दिवा पेटेपर्यंत तीस चित्रं. म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद. सजावटीला चालेल, नाचणाऱ्याला नाही. नियम बदलला. दिवा चढताना झटकन चढेल, उतरताना सावकाश उतरेल. उशीर नऊ चित्रांवर आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला एक हुशारी सुचली.

पट्ट्याला घुंगरू होते आणि माइक घुंगरांच्या अगदी जवळ. त्यामुळे ढोलापेक्षा घुंगरूच त्याला जास्त ऐकू यायचे. प्रत्येक पावलाला वरच्या वाट्या भरायच्या. मी विचार केला, अडचण कशाला, हीच सोय करू. ढोलाला केशरी, घुंगरांना निळा. ढोल म्हणजे ठेका, घुंगरू म्हणजे तिचं पाऊल. दोन्ही एकदम पेटले तर पाऊल ठेक्यात, मागेपुढे पेटले तर चुकलं. मी अख्खी रात्र जागून हे बसवलं. सकाळी ताईला आणि आईला समजावून सांगितलं, दोघी खूष झाल्या. शाळेतून आल्यावर भाचीला सांगितलं.

ती शांतपणे ऐकून घेत होती. माझे ओठ नीट बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चुकले की मागच्या सगळ्यांना दिसणार?"

मी काहीतरी बोलायला गेलो. सराव करताना उपयोग होईल, मग बंद करता येईल, वगैरे.

"मी दागिना मागितला होता मामा. तू मशीन केलंस. मशीन माझ्याकडे दोन आहेत."

ती पट्टा टेबलावर ठेवून खेळायला निघून गेली. आईने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि काही बोलली नाही, जे तिच्या बाबतीत फार दुर्मिळ आहे.

निळा रंग त्याच संध्याकाळी काढून टाकला. चाळीसेक ओळी असतील. माइक घुंगरांपासून लांब, पुढे चोळीच्या आतल्या बाजूला नेला, त्यावर स्पंजचा तुकडा बसवला आणि दिव्यांवर पांढऱ्या ऑर्गन्झाची पट्टी शिवली, म्हणजे दिवे टोचरे न दिसता आभल्यांत विरघळतील. ही शिलाईची अक्कल आईची. माझ्या मते दिव्याचा प्रकाश थेट दिसायला हवा होता. आईच्या मते थेट दिसणारा दिवा हा मंडपातला हॅलोजन, दागिना नव्हे. ती बरोबर होती. आभल्यांवर तिरका पडलेला प्रकाश असा काही फुटतो की छत्तीस दिव्यांचे दोनशे होतात.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर भाचीने पट्टा बांधला. मी होम थिएटर लावला. मशीन कानात होती, घरच्या आवाजात तिला ढोल नीट ऐकू येत होता. तिने गिरकी घेतली, मान वळवून मागे बघितलं, पुन्हा गिरकी घेतली. शेपटी पकडू बघणाऱ्या मांजरीसारखी चार वेळा फिरली आणि थांबली.

"मामा, पण हा मला दिसतच नाही."

खरंच की. दागिना घालणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसतो. मी इतके दिवस तिच्यासाठी दिवा बनवत होतो आणि जगात फक्त तिलाच तो दिसणार नव्हता. हे तिच्याही लक्षात आलं, पण माझ्यासारखी ती ओशाळली नाही. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला हाक मारून वर बोलावलं, पट्टा तिला बांधला, कानातली मशीन काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तू आवाज कमी कर. आता ही पुढे, मी मागे."

पंधरा मिनिटं दोघी नाचल्या. नंतर तिने मला सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. पाय बघायचे तर मान खाली घालावी लागते, आणि पाय तर चणियाच्या घेरात लपलेले. ते दिसतात तेव्हा पाऊल पडून गेलेलं असतं. कमरेवरचा दिवा समोर असतो. त्याच्याकडे बघावंही लागत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात तो दिसत राहतो. "आणि तो पाऊल पडायच्या आधी पेटतो." हे शेवटचं मला मोजून पटलं. माणूस थाप ऐकून पाऊल टाकतो त्याला जो वेळ लागतो, त्यापेक्षा माझे नऊ चित्रांचे मिलिसेकंद कमीच होते.

म्हणजे एक पट्टा पुरणार नव्हता. तिच्या पुढे नाचणाऱ्या मुलीच्या कमरेला हवा, आणि फेरात पुढची मुलगी बदलत राहते. मैत्रिणी चार. घटस्थापनेला नऊ दिवस. पट्टे चार.

चार पट्टे म्हटल्यावर माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला पुन्हा खुमखुमी आली. स्टेजजवळ एकच माइक ठेवायचा आणि चारही पट्ट्यांना बिनतारी निरोप पाठवायचा, सगळे दिवे एकदम पेटतील, काय दिसेल! कागदावर मांडल्यावर बेत बारगळला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकरपासून चौतीस मीटर लांब नाचणाऱ्याला ढोल एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि तो त्या उशिरा आलेल्या ढोलावरच नाचतो. बिनतारी निरोप मात्र तत्काळ पोहोचेल. म्हणजे दिवा आधी आणि माणसं नंतर. मोठ्या मैदानावरच्या फेराकडे उंचावरून बघा, टाळ्यांची लाट स्टेजपासून बाहेर सरकताना दिसते, ती याच कारणाने. तेव्हा प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा कान हवा. जिथे उभा आहे तिथला ढोल त्याने ऐकावा.

वीज कशी दिली हेही सांगतो, कारण कोणी हे घरी करायला घेतलं तर इथेच घोटाळा होतो. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज खातो. छत्तीस म्हणजे दोन अँपिअरच्या वर. रात्री एवढ्या उजेडाची गरजच नसते. मी चौथाईवर मर्यादा घातली, तरी डोळे दिपतात. सुटा लिथियमचा सेल मुलांच्या कमरेला, घामात, बांधायला माझा ठाम नकार. तयार पॉवर बँक घेतली आणि चणियाला आतून खिसा शिवला, तोही पुढे, म्हणजे पडलं तर त्यावर पडणार नाही. चिपची भाषा ३.३ व्होल्टची आणि दिव्यांची ५ व्होल्टची, म्हणून मधे एक दुभाषी चिप लागते. ती नसेल तर दिवे मधूनच वेड्यासारखे रंग दाखवतात. तारा सिलिकॉनच्या, मऊ. कडक तार गिरकीत तुटते. पॉवर बँक सोडून एका पट्ट्याला साधारण हजार रुपये लागले. शिलाई आईची आणि ताईची, तिचा हिशोब त्यांनी अजून दिलेला नाही.

आमच्याकडे नवरात्रात दोन फेर असतात. संध्याकाळी भोंडला, रात्री गरबा. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात राहिलेल्या घरांत यात कोणाला वेगळं काही वाटत नाही. आमच्या देवघरात घट आणि नंदादीप, शेजारच्या काकूंकडे भोकं पाडलेला मातीचा घडा आणि आत दिवा. त्या घड्यालाच गरबो म्हणतात. मधे उजेड आणि भोवती माणसं, एवढीच मूळ गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातचा गरबा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर असे लाडवांचे फोटो फिरले, जणू आमच्याच घरी कोणी पास झालंय.

पहिल्या दिवशी भोंडल्याला चारही मुली पट्टे बांधून आल्या. पाटावर हत्ती काढलेला, आईने गाणं सुरू केलं, आणि पट्टे काळेठिक्कर. एकही दिवा नाही. मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या पोटात गोळा आला, मग हसू आलं. भोंडल्यात ढोल कुठे असतो? सगळे बायका-मुलींचे आवाज, माझ्या चार वाट्यांच्या कितीतरी वरचे. पट्टा प्रामाणिकपणे ढोलाची वाट बघत होता. भाचीला याचं काहीच वाटलं नाही. भोंडल्यात हात हातात धरलेले असतात, ठेका हातातूनच कळतो. तिथे ती कधी चुकत नाही. खिरापत मात्र तिनेच पहिल्यांदा ओळखली, वाटली डाळ, कारण तिने आजीला सकाळी डाळ भिजवताना पाहिलं होतं.

रात्री गरब्यात पट्टे पेटले. आजूबाजूच्या मुली वळून वळून बघत होत्या, दोन-तीन बायकांनी थांबवून 'क्यांथी लीधो?' विचारलं. मधे आरतीसाठी ढोल थांबला, सगळे दिवे विझले, आणि आरती संपून ढोल सुरू झाला तरी पेटेनात. चारही पट्टे मेले. कारण कळायला मला पाऊण तास लागला. पॉवर बँकेला वाटतं की कोणी वीज खातच नाही, तर मोबाइल काढून घेतला असणार, म्हणून ती झोपी जाते. शांततेत दिवे विझायचे, खप घटायचा, बँक झोपायची. उपाय असा केला की पुढच्या कडीजवळचे दोन दिवे कायम पेटते ठेवायचे. ताईने त्याला लगेच 'नंदादीप' नाव दिलं.

चौथ्या रात्री एक पट्टा घामाने बिथरला, हिरवा-जांभळा होऊन बसला. सोल्डरच्या जोडांवर ताईचं रंगहीन नेलपॉलिश दोन हात फासलं. तेव्हापासून तक्रार नाही.

पाचव्या रात्री मी आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, शेजारी खुर्चीवर बसलो होतो. मांडीवर तिची पर्स, पर्समध्ये मशीनची डबी. फेर आमच्यासमोरून जात होता. चाल बदलली. बे ताळीचं त्रण ताळी झालं, तसाच झटका, मागच्या वर्षीसारखाच. पुढची मुलगी वळली, भाची वळली, मागची वळली. एका मागोमाग, जसं व्हायला हवं तसं. आईने माझा हात दाबला. मी मोबाइल काढेपर्यंत फेर पुढे निघून गेला होता, त्यामुळे व्हिडिओ नाही.

हे दिव्यांमुळे झालं असं छाती ठोकून मी सांगणार नाही. दिवा फक्त थाप दाखवतो. आवर्तनातली पहिली थाप कोणती हे त्याला कळत नाही. तेही बसवायचा मी प्रयत्न केला, माझ्या प्रोग्रामला सम काही सापडली नाही. शिवाय नऊ दिवस चारही मुली गच्चीवर रोज तासभर नाचत होत्या, आणि मैत्रिणींना आता ठाऊक होतं की वळताना अर्धा क्षण आधी खांदा वळवायचा, म्हणजे मागचीला दिसतो. तो नियम त्यांचा त्यांनीच केला होता, मला नंतर कळला. यातलं किती माझ्या चिपचं आणि किती त्या खांद्याचं, हे मोजायला माझ्याकडे कुठलंच यंत्र नाही.

नवव्या रात्री फेर संपायला दोन वाजले. घरी आल्यावर पट्टे टेबलावर ठेवले गेले, मी एकेक तपासत होतो. भाचीचा पट्टा बंद होता. नंदादीपसुद्धा विझलेला. मागच्या बाजूची तार जोडापासून तुटली होती आणि तुटलेल्या टोकावर धूळ बसली होती, म्हणजे तुटून बराच वेळ झालेला.

सकाळी तिला विचारलं, "हा कधी बंद पडला गं?"

"बंद पडला?" तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. "मला काय माहीत. माझा मला कुठे दिसतो? माझ्यापुढचे तर चालू होते."

मग दप्तर उचलताना दारातून वळून म्हणाली, "नीट करून ठेव हं. कोजागरीला गरबा आहे."